वजन घटवण्याची शस्त्रक्रिया तासा-दोन तासांची. पण नंतरच्या आठवड्यांत नेमकं काय होतं?

११ फेब्रुवारी २०१७ ची पहाट. मरोळला लागूनच असलेल्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर इजिप्तहून आलेलं एक मालवाहू विमान उतरलं. त्यात होती अलेक्झांड्रियाची इमान अहमद. तिचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. विमानतळावरून ट्रकने तिला चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात नेलं आणि तिथे क्रेनच्या मदतीने वर चढवलं. देशभरातल्या वाहिन्यांनी ही दृश्यं दिवसभर दाखवली.

७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला आणि त्यांच्या पथकाने तिच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर कॅमेरे हळूहळू दुसरीकडे वळले. ते परतले एप्रिलमध्ये, जेव्हा वजन नेमकं किती घटलं आणि तब्येत खरोखर सुधारली का, यावरून तिचं कुटुंब आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात इमानला अबुधाबीला हलवण्यात आलं आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचं तिथेच निधन झालं. हृदयविकार आणि मूत्रपिंडाचं बिघडलेलं काम यांसह इतर आजारांची गुंतागुंत हे कारण तिथल्या रुग्णालयाने दिलं.

इमानचं प्रकरण टोकाचं होतं. तिच्यावरून या शस्त्रक्रियेचं मोजमाप करणं चुकीचं ठरेल. पण एक गोष्ट तिच्या बाबतीत खरी होती आणि ९५ किलोच्या माणसाच्या बाबतीतही खरी असते. शस्त्रक्रिया एका दिवसात संपते, पुढचे आठवडे मात्र रुग्णाला आणि घरच्यांना काढायचे असतात. त्या आठवड्यांबद्दल फारसं बोललं जात नाही. म्हणून हे विश्लेषण.

हा विषय आत्ता चर्चेत का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आली. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे स्वस्त पर्यायांचीही चर्चा सुरू झाली.

त्यामुळे घराघरात एकच प्रश्न विचारला जातोय : इंजेक्शन की ऑपरेशन? रील्समध्ये दोन्हींचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दिसतात. या दोन फोटोंच्या मधले महिने दिसत नाहीत. मुंबईत ही शस्त्रक्रिया काही नवी नाही. भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती मुंबईतच करून घेतली होती. वसईच्या एका महिलेवर २०१५ आणि २०१७ अशा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाल्या आणि तिचं वजन ३०० किलोवरून ८६ किलोवर आल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली होती. ३०० आणि ८६ हे आकडे मथळ्यात आले, पण त्यांच्या मध्ये चार वर्षं होती.

पोटात नेमकं काय बदलतं?

दोन शस्त्रक्रिया सर्वाधिक होतात. पहिली ‘स्लीव्ह’. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरतो तो केळ्यासारखा निमुळता भाग. दुसरी ‘बायपास’. तिच्यात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही सहसा दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पडतात आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो.

‘जठर लहान झालं म्हणून माणूस कमी खातो’ एवढंच यामागचं कारण नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. आतड्यातून मेंदूला आणि स्वादुपिंडाला जाणारे संदेशही बदलतात. म्हणूनच मधुमेह असलेल्या अनेक रुग्णांची साखर वजन फारसं कमी होण्याआधी, पहिल्या काही दिवसांतच उतरू लागते.

बाहेरच्या जखमा आठवड्या-दोन आठवड्यांत भरतात. आतली टाके घातलेली कड भरायला जास्त वेळ लागतो आणि पुढचं सगळं पथ्य त्या कडेभोवतीच आखलेलं असतं.

पहिले दोन आठवडे : पाणी पिणं हेच काम

सुरुवातीचे एक-दोन दिवस फक्त गाळलेले पातळ पदार्थ चालतात : पाणी, नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी, साखर न घातलेलं पातळ ताक. मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, पातळ सूप, प्रोटीन पावडरचं पेय. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि रुग्णाने आपल्याच डॉक्टरांचा तक्ता पाळायचा असतो.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण जरा हिशेब करून पाहा. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवा आणि एका वेळी जेमतेम ३० मिली जातं, म्हणजे दोन मोठे चमचे. म्हणजे ५० वेळा. दर १५ मिनिटांनी एकदा घेतलं, तरी साडेबारा तास लागतात. जागेपणाचा जवळपास सगळा दिवस हातात पेला घेऊन जातो.

तहान लागली म्हणून घटाघटा प्यायलं तर छातीत दुखतं किंवा उलटी होते. दुखतं म्हणून प्यायचं टाळलं तर शरीरातलं पाणी कमी होतं. पहिल्या महिन्यात पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. मुंबईच्या उकाड्यात, पंख्याखाली घामाघूम होत बरं होणाऱ्याला हा हिशेब आणखी काटेकोरपणे पाळावा लागतो. स्ट्रॉ, सोडा आणि शीतपेयं या काळात वर्ज्य, कारण त्यांनी पोटात हवा भरते.

दुसरं काम चालण्याचं. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच रुग्णाला उठवून चालवतात. पायांच्या नसांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि चालण्याने तो कमी होतो. ‘ऑपरेशन झालंय, पडून राहा’ हा घरच्या मोठ्यांचा मायेचा सल्ला इथे उलटा पडतो.

तिसरा ते सहावा आठवडा : पानात काय?

तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेलं घट्टसर अन्न सुरू होतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण.

या काळात सगळ्यात मोठा प्रश्न असतो प्रथिनांचा. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती कमी पडली तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं. माणूस बारीक दिसू लागतो, पण जिने चढताना दमतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास. चार-पाच घासांत पोट भरणाऱ्या माणसाने ६० चा आकडा कसा गाठायचा? म्हणून पहिले काही महिने प्रोटीन पावडर जवळपास सगळ्यांनाच लागते. शाकाहारी घरात तर ती टाळणं कठीणच. वरण-भातावर, खिमटावर किंवा साबुदाण्याच्या पेजेवर दिवस काढले तर पोट भरतं, पण गरज भागत नाही.

मरोळचा बाजार सुक्या मासळीसाठी सगळ्या मुंबईत ओळखला जातो. मासळी हा प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे, पण सुका बोंबील किंवा सुकट या आठवड्यांत नको. ती चिवट असते, खारट असते आणि नीट चावली गेली नाही तर अडकते. मऊ अन्नाची परवानगी मिळाल्यावर वाफवलेली, काटे काढलेली ताजी मासळी मात्र चालते. कोरडी चपाती, पाव आणि सुका भात हेही सुरुवातीला अडकणारे पदार्थ.

सवयी तीन बदलाव्या लागतात. घास लहान घ्यायचा आणि पिठासारखा होईपर्यंत चावायचा. आधी प्रथिनं खायची, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भात-पोळी. आणि जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही साधारण अर्धा तास थांबायचं. तांब्या-भांडं पानाशेजारी ठेवून वाढलेल्या माणसाला ही तिसरी सवय सगळ्यात जड जाते.

बायपास झालेल्यांना गोडाची वेगळी शिक्षा मिळते. साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, गरगरणं असा त्रास सुरू होतो. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. श्रीखंडाची एक वाटी त्यासाठी पुरेशी ठरू शकते.

काटा अडकला, केस गळू लागले. काही बिघडलं का?

बहुधा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरतं, कारण त्यात शरीरातल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बऱ्याच जणांचा वजनकाटा काही दिवस एकाच आकड्यावर थांबतो. ‘एवढे पैसे घालवले आणि फुकट गेले’ असं वाटण्याचे हे दिवस. पथ्य नीट चालू असेल तर काटा पुन्हा हलतो. म्हणून रोज वजन करण्याऐवजी आठवड्यातून एकदा करावं.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. मोठ्या शस्त्रक्रियेचा आणि झपाट्याने वजन घटण्याचा तो परिणाम असतो आणि तो बहुतेकांत तात्पुरता असतो. प्रथिनं, लोह किंवा जस्त कमी पडत असेल तर मात्र गळती लांबते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या हा तात्पुरता उपाय नसतो, त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड आणि मल्टिव्हिटॅमिन, शिवाय ठरावीक काळाने रक्ततपासणी. वर्षभरानंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. कमतरता मात्र लगेच कळत नाही. रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, हाडांचा ठिसूळपणा हे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी समोर येतं.

कोणत्या लक्षणांत सकाळ होण्याची वाट पाहायची नाही?

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा, कारण यातली बरीच लक्षणं ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडून दिली जातात.

• पडून असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप लागणं. टाक्यांच्या जागेतून गळती होत असेल तर अशी लक्षणं दिसतात. अनेकदा सगळ्यात आधी नाडी वाढते. घरी गेल्यावरही काही आठवडे हा धोका असतो.
• एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागून छातीत दुखणं. ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते.
• पाणीही पोटात न ठरणं, लघवी कमी आणि गडद होणं.
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच.
• सतत उलट्या आणि त्यासोबत चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं. हे बी-१, म्हणजे थायमिन, संपल्याचं लक्षण असू शकतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दवाखान्यात गेल्यावर ‘वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, थायमिनचं बघा’ हे स्वतःहून सांगावं, कारण थायमिनआधी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर परिस्थिती बिघडू शकते.

पुढे काही महिन्यांनी उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयातले खडे तपासावे लागतात. झपाट्याने वजन घटताना ते होतात आणि म्हणूनच अनेक डॉक्टर पहिले सहा महिने त्यांना आळा घालणारं औषध देतात.

जुन्या गोळ्यांचं काय करायचं?

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत घेत राहणं धोक्याचं ठरू शकतं. खाणं दशांशावर आलेलं आणि इन्सुलिन मात्र तेवढंच, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाब उतरल्याने उठताना चक्कर येते. म्हणून मात्रा कमी करणं हे डॉक्टरांचं काम असतं आणि घरी रोज साखर व रक्तदाब मोजून त्यांना कळवणं हे रुग्णाचं.

डोकं दुखलं, कंबर दुखली की मेडिकलमधून आणलेली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, ही मुंबईकरांची सवय. बायपासनंतर या गोळ्या नव्या जोडावर जखम करू शकतात, त्यामुळे त्या टाळायच्याच असतात. स्लीव्हनंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दारूचंही तसंच. ती पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते आणि काही जणांत खाण्याची जागा पिण्याचं व्यसन घेतं.

तरुण स्त्रियांसाठी एक सूचना महत्त्वाची. वजन उतरू लागलं की अनियमित पाळी सुधारते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. पण आईचं पोषण सावरेपर्यंत, म्हणजे साधारण १२ ते १८ महिने, गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो, त्यामुळे दुसरा पर्याय आधीच ठरवावा लागतो.

मरोळमधून पुन्हा कामावर जाताना

बैठं काम असणारे बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत कामावर परततात. ओझं उचलण्याचं काम असेल तर जास्त वेळ लागतो, कारण पहिले महिना-दीड महिना जड वजन उचलायला मनाई असते.

मरोळ एमआयडीसी आणि शेजारच्या सीप्झमध्ये दोन्ही प्रकारची माणसं आहेत : संगणकासमोर बसणारी आणि कारखान्यात उभं राहून काम करणारी. अनेकांची पाळी रात्रीची असते. रात्रपाळीतही दर तीन-चार तासांनी थोडं खाणं आणि मधल्या वेळेत घोट घोट पाणी हे वेळापत्रक पाळावंच लागतं. कँटीनचा वडापाव आणि टपरीवरचा गोड चहा सोडून डब्यात उकडलेलं अंडं, दही किंवा पनीर नेणं खर्चात फार फरक पाडत नाही. पण अर्ध्या तासाच्या सुट्टीत २० मिनिटं फक्त चावण्यात जातात, हे सुपरवायझरला समजावून सांगणं अवघड असतं.

एक गोष्ट सोपी झाली आहे. मरोळ नाक्यावर आता मेट्रोच्या दोन मार्गिका भेटतात. २०१४ पासूनची वर्सोवा-घाटकोपर आणि ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीने, म्हणजे आरे ते कफ परेडपर्यंत, धावणारी भुयारी मेट्रो ३. लोकलच्या गर्दीत ताज्या टाक्यांवर कोपर खाण्यापेक्षा दक्षिण मुंबईतल्या डॉक्टरकडे तपासणीला असं जाणं बरं. या शस्त्रक्रियेचं यश तपासण्यांना नियमित जाण्यावर फार अवलंबून असतं आणि रुग्ण हळूहळू जायचं सोडतात, ही जगभरची तक्रार आहे.

आणि मनाचं?

आपल्याकडे प्रेम पानात वाढलं जातं. ‘एवढंसंच? घे की अजून अर्धी’ हा आग्रह थांबत नाही. ज्या बाईवर शस्त्रक्रिया झाली आहे तीच घरात स्वयंपाक करणारी असेल, तर इतरांसाठी फोडणी घालायची आणि स्वतः डाळीचं पाणी प्यायचं, असे ते दिवस असतात. काही घरांत शस्त्रक्रिया लपवली जाते. ‘डाएटने कमी केलं’ असं सांगितलं जातं. मग लग्नकार्यात जेवण का नको, याची सबब दर वेळी नव्याने शोधावी लागते.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या काळात स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण आधीच्या तुलनेत वाढलेलं दिसलं. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा नाही. पण वजन गेलं म्हणजे दुःखही जाईल, ही अपेक्षा अनेकांना महागात पडते. खाणं हाच ज्यांचा आधार होता त्यांचा तो आधार एका दिवसात जातो. झोप उडणं, सतत रडू येणं, ‘उगाच केलं’ असं वाटत राहणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते.

खर्च कोण देतं?

इथे वैद्यकशास्त्र आणि विमा यांचे आकडे जुळत नाहीत. २०२२ मध्ये लठ्ठपणाच्या शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष सैल केले. बीएमआय ३५ च्या वर असेल तर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रियेची शिफारस आणि आशियाई लोकांना २७.५ पासून विचार. विमा नियामक ‘इरडाय’ची २०१९ ची अट मात्र जुनी आहे. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत गंभीर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, शिवाय इतर उपाय अपयशी ठरलेले.

पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी हे आकडे किलोत असे येतात : २७.५ म्हणजे ७५ किलो, ३५ म्हणजे ९५ किलो, ४० म्हणजे १०९ किलो. म्हणजे ९० किलोच्या मधुमेही रुग्णाला डॉक्टर ‘करून घ्या’ म्हणू शकतात आणि विमा कंपनी त्याच वेळी ‘बसत नाही’ म्हणू शकते.

दावा मंजूर झाला तरी अनेक पॉलिसी घरी गेल्यानंतरच्या ६० ते ९० दिवसांपुरताच खर्च देतात. जीवनसत्त्वं आणि पूरक आहार हे तर, दाखल असतानाच्या उपचारांचा भाग म्हणून लिहून दिलेले नसतील, तर नियमानेच वगळलेले आहेत. थोडक्यात, शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो, पण गोळ्या, प्रोटीन पावडर आणि रक्ततपासण्यांचा खर्च दर महिन्याला खिशातूनच जातो. हा दुसरा आकडा शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यायला हवा.

मग करावी की नाही?

ते रुग्ण आणि डॉक्टर ठरवतील. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळलं. हा फायदा खरा आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की पहिल्या दोन वर्षांनंतर काही वजन परत येतं. इंजेक्शनांची गोष्टही फार वेगळी नाही, ती थांबवली की वजन परत चढतं.

म्हणून निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना ‘किती किलो कमी होतील?’ याच्या जोडीला आणखी चार प्रश्न विचारावेत. पहिले सहा आठवडे घरी कोण असेल? रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या पथकात आहेत का? दर महिन्याचा खर्च किती? यांची उत्तरं कागदावर लिहून मिळाली, की मगच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.